कावळ्यापुढं दिलेला शब्द

(भोकरदन. एकोणीसशे सत्त्याऐंशीचा हिवाळा. नुकतेच दिवे लागलेत. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर असलेली उषा, तिची सासू द्वारकाबाई, आणि ओसरीवर हातपाय धूत असलेला नवरा बद्रीनाथ. मधल्या खोलीत कुलूप लावलेलं लोखंडी कपाट.)

उषा : मी फक्त चावी मागून राह्यले, आत्याबाई. कपाट न्हाई मागत.

द्वारकाबाई : चावी दिली म्हंजे कपाट दिलंच की. आन कपाटात काय हाय ते मला ठाऊक हाय.

उषा : माझा रेडिओ हाय.

द्वारकाबाई : असंल. घरात दुःख हाय. वरीसभर वाजायचा न्हाई.

उषा : मामंजी गेल्यापासून मी एक शब्द काढला न्हाई. मागचा शुक्रवार गेला, त्याच्या आधीचा गेला. तेरावं झालं, पाव्हणे गेले, सतरंज्यासुद्धा झटकून परत दिल्या. बातम्या संपल्या की माझा कार्यक्रम लागतो. द्या.

द्वारकाबाई : बद्री! ए बद्री! तुझी बायको काय म्हणून राह्यली, ऐक.

बद्रीनाथ : ऐकून राह्यलो ना. पाय तर धुऊ दे. उषा, आजच काय अडलंय तुझं?

उषा : आज शुक्रवार हाय.

बद्रीनाथ : शुक्रवार पुढच्या आठवड्यातबी येतो.

उषा : आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही हेच म्हणाल.

द्वारकाबाई : बाई, तुझा सासरा गेलाय. कुत्रं न्हाई गेलं.

उषा : मला सांगता? त्यांचं अंथरूण कुणी काढलं? त्यांना कुशीवर कुणी वळवलं? दुःख मलाबी हाय. पण दुःख सगळ्या घराचं आणि पाळायचं एकट्या माझ्या कानांनी, हे कसं?

बद्रीनाथ : एकट्या तुझ्या कसं? आम्हीबी पाळून राह्यलो.

उषा : परवा चौकात हॉटेलाच्या टीव्हीवर मॅच कुणी पाहिली?

बद्रीनाथ : ती... ती मी उभ्यानं पाहिली. बसलो न्हाई.

उषा : मंग मीबी उभ्यानं ऐकते.

द्वारकाबाई : हसू नको, बद्री. हसण्यासारखं काय हाय? आगं, भजन असतं, अभंग असता, तर मी म्हणले असते लाव. ते काय गाणं हाय? वरात निघायच्या आदी बॅण्डवाले आपापलं वाजवून बघत्यात ना, एकाचं एकीकडं, दुसऱ्याचं दुसरीकडं? तसं.

उषा : तसंच असतं थोडं.

द्वारकाबाई : मंग! शेजारची गोजरबाई काय म्हणंल? सासरा गेला आन सुनेनं बॅण्ड लावला.

उषा : गोजरबाईला जॅझ म्हणतात म्हणून सांगा.

द्वारकाबाई : जाज! भांड्याला कल्हई लावायचं काही असंल असं वाटतं.

बद्रीनाथ : उषा, खरं सांग. तुला तरी कळतं का त्यातलं?

उषा : सगळं न्हाई कळत. वाद्यांची नावंसुद्धा मला नीट येत न्हाईत. पण सांगू का? रातपाळीला असताना पहिल्यांदा कानावर पडलं. हवा खराब असली की जालन्याच्या लाइनवर कुठलंतरी रेडिओ स्टेशन शिरायचं. माझ्यासोबतची ऑपरेटर शिवकन्या हेडफोन काढून ठेवायची, मी ठेवत न्हव्हते. दिवसभर बोर्डावर मी काय करते? याला जोडा, त्याला तोडा. बाई रडत असती पलीकडं, तरी म्हणायचं, टाइम झाला. आणि या वाजवणाऱ्यांत एक जण बोलायला लागला की बाकीचे मागं सरतात, त्याला हळूच टेकू देत राहतात. त्याचं पोटभर झालं की तो थांबतो, मंग दुसरा. कुणी कुणाला तोडत न्हाई. मी म्हणलं, असंबी असतं का जगात?

द्वारकाबाई : माणसं बोलत्यात का त्यात?

उषा : न्हाई. पितळी वाद्यं बोलतात.

बद्रीनाथ : झालं. पितळ बोलायला लागलं.

उषा : तुम्ही घरात बोलत न्हाई म्हणून.

द्वारकाबाई : आगं, हळू.

उषा : हळूच बोलून राह्यले. आणि ही शुक्रवारची संध्याकाळ मला कुणी दिलेली न्हाई, आत्याबाई. दिवाळीच्या पाडव्याला मी बोर्डावर बसले. शिवकन्याचं पोरगं आजारी पडलं, तिच्या रातपाळ्या मी केल्या. रविवारी बसते. तेव्हा कुठं ती म्हणते, बरं, शुक्रवारी तू सकाळची घे. इथंबी भाकरी थापून, कालवण झाकून, मंगच मी रेडिओला हात लावते. कधी कुणाचं ताट उशिरा झालं का?

बद्रीनाथ : न्हाई झालं.

द्वारकाबाई : तू काऊन मधी बोलतो?

बद्रीनाथ : तिनं विचारलं म्हणून. बरं, माझं ऐक उषा. दोघींचंबी राहील असं करू. रेडिओ घे आणि एक्स्चेंजात ठेव. तिथं ऐक. कुणाला कळणार न्हाई.

उषा : एक्स्चेंजात मी दुसऱ्यांचं ऐकते.

बद्रीनाथ : मंग पाशामियाँच्या दुकानातून ती कानात घालायची पिन आणतो. आवाज बाहेर येणार न्हाई. दार लावून घे.

उषा : अंधारात, दार लावून, कानात बोळा घालून. मी काय चोरी करून राह्यले का? पगार माझा, रेडिओ माझा, वेळ मी काढलेला. मी उजेडात बसून ऐकणार. ओसरीवर.

द्वारकाबाई : ओसरीवर! आता हे ओसरीवर!

उषा : आधी आतच ऐकत होते. तुम्ही कुलूप लावलं म्हणून ओसरीवर.

बद्रीनाथ : उषा, हट्ट नको करू. ते आता आपल्या हातात राह्यलं न्हाई.

उषा : मंग कुणाच्या हातात हाय?

बद्रीनाथ : कुणाच्या न्हाई.

उषा : अहो, दिवसभर लोकांची बोलणी ऐकते मी. माणूस कुठं शब्द गिळतो ते मला लगेच कळतं. काय झालंय?

द्वारकाबाई : सांगून टाक तिला. तिला कळू दे.

बद्रीनाथ : दहाव्याला... केळना नदीच्या काठी. पिंडाला कावळा शिवेना.

उषा : ते ठाऊक हाय. ऊन होईपर्यंत तुम्ही तिथंच होता.

बद्रीनाथ : बाभळीवर बसला होता. मान वाकडी करून पाहायचा, खाली येत न्हव्हता. न्हावी खोळंबला, पाव्हणे उपाशी. अप्पाराव काका म्हणले, धर्मराजभाऊच्या मनात काहीतरी राह्यलंय. घरातलं बोला, कबूल करा. मंग मी म्हणलो, विहिरीचं पाणी भावाभावांत भांडण न करता वाटून घेऊ. न्हाई आला. म्हणलो, आईला सांभाळू. न्हाई आला. मंग काका म्हणले, सुनेचा तो रेडिओ भाऊला आवडत न्हव्हता, तो बंद करू म्हण.

उषा : आणि तुम्ही म्हणालात.

बद्रीनाथ : म्हणलो. हात जोडून म्हणलो, अण्णा, रेडिओ या घरात वाजणार न्हाई. आणि शिवला कावळा! सगळ्यांनी पाहिलं.

उषा : वरीसभर?

बद्रीनाथ : ...वरीस असं काही म्हणलो न्हाई. वाजणार न्हाई म्हणलो.

उषा : म्हणजे कधीच न्हाई. आणि मला वरीस सांगितलं.

बद्रीनाथ : तुला एकदम कसं सांगायचं म्हणून.

उषा : मी तिथं होते का?

बद्रीनाथ : बाया कुठं येतात तिथं?

उषा : मंग माझ्या वस्तूचा शब्द तुम्ही कुणाला विचारून दिला? अप्पाराव काकांच्या घरचा रेडिओ का न्हाई कबूल केला त्यांनी? त्यांच्या घरी तर दोन हायेत!

बद्रीनाथ : अगं, अण्णांना आवडत न्हव्हतं हे खोटं हाय का?

उषा : खरं हाय. माझ्या तोंडावर म्हणायचे, उषे, बारीक कर ते रेकणं. मी बारीक करायचे. पण बंद कर म्हणून कधी म्हणले न्हाईत. आणि म्हणले असते तर मी भांडले असते. जिवंत माणसाशी भांडायची माझी तयारी होती, आता कावळ्याला घाबरू?

द्वारकाबाई : उषे! तोंड सांभाळ! तो काही कावळा न्हाई, तुझा सासरा हाय!

उषा : तोंडात शिवी न्हाई माझ्या, आत्याबाई. मी विचारून राह्यले. यांनी एकामागं एक कबूल केलं. कावळा नेमका रेडिओलाच आला हे कशावरून? विहिरीचं ऐकून निघाला असंल आणि पोचायला वेळ लागला असंल. भूक लागली असंल.

बद्रीनाथ : आता कावळ्याची साक्ष काढतेस का?

उषा : तुम्हीच काढली. बरं, रेडिओचं बोललात आणि लगेच आला? त्याच्यानंतर कुणी काही बोललं न्हाई?

बद्रीनाथ : जवळजवळ लगेच.

उषा : जवळजवळ म्हणजे?

बद्रीनाथ : काका आणखी काहीतरी बोलले मधी. विशेष न्हाई. उषा, बातम्या संपत आल्या असतील, तुझा तो कार्यक्रम...

उषा : काय बोलले काका?

बद्रीनाथ : सोड ना.

द्वारकाबाई : काय बोलले, बद्री? मला तू हे सांगितलं न्हाई.

बद्रीनाथ : आई, तुझ्या भल्याचंच बोलले.

द्वारकाबाई : माझ्या?

बद्रीनाथ : म्हणले, वहिनी आता भाजी घेऊन बाजारात बसणार न्हाईत.

द्वारकाबाई : सव्वा महिना म्हणले असतील. सव्वा महिना मी कुठं बसून राह्यले? घरातच हाय की.

बद्रीनाथ : सव्वा महिना न्हाई. बिलकुल न्हाई म्हणले. भाऊ गेले, आता वहिनींनी टोपलं घेऊन रस्त्यावर बसणं बरं न्हाई दिसत, दोन कमावते पोरं हायेत म्हणले.

द्वारकाबाई : आन तू काय म्हणलास?

बद्रीनाथ : ऊन झाल्तं, आई. लोक उपाशी होते.

द्वारकाबाई : ते न्हाई विचारलं मी.

बद्रीनाथ : हो म्हणलो.

द्वारकाबाई : आसं.

उषा : आत्याबाई, पाणी देऊ का?

द्वारकाबाई : नको. बद्री, टोपलं माझ्या डोक्यावर कोण चढवून द्यायचं?

बद्रीनाथ : अण्णा.

द्वारकाबाई : मेथीच्या जुड्या कोण बांधायचं? पहाटं उठून, थंडीत, बोटं फुकून फुकून? त्यांना नको व्हतं व्हय माझं बाजारात बसणं? ते मेल्यावर अप्पारावला सांगून गेले व्हय?

बद्रीनाथ : काकांना वाटलं...

द्वारकाबाई : फुटाणेवाल्याच्या आन बांगड्यावालीच्या मधली जागा, ती तू पोटात व्हता तवाची माझी हाय. काल बाजारातला भिवा सांगत आल्ता, तिथं दुसऱ्या बाईनं गोणपाट टाकलंय. मी म्हणलं, टाकू दे, माझं दुःखाचं हाय, मी आले का उठंल ती. मला काय ठाऊक, मला पोरानंच उठवलं म्हणून!

बद्रीनाथ : आई, तुला आरामच मिळावा म्हणून ना.

द्वारकाबाई : आराम मी मागितला का तुला? बाजारात चार जणी बोलत्यात माझ्याशी. चार जणी काय भाव म्हणून इचारत्यात. घरात कोण इचारतं मला, द्वारके, काय भाव?

उषा : मला हे ठाऊक न्हव्हतं, आत्याबाई. खरंच.

द्वारकाबाई : तुला कसं असंल? तूबी घरीच व्हतीस आन मीबी घरीच. हे घे.

उषा : काय?

द्वारकाबाई : चावी. वरच्या फळीवर हाय, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. धूळ बसंल म्हणून मीच गुंडाळला.

बद्रीनाथ : आई! शब्द दिलाय आपण!

द्वारकाबाई : आपण न्हाई. तू दिला. तू पाळ. तू रेडिओ ऐकू नको आन बाजारात बसू नको.

बद्रीनाथ : आणि अण्णांच्या जिवाला काही...

द्वारकाबाई : तुझ्या बापाशी मी संसार केलाय. त्याच्या जिवाचं मला इचारायचं असतं, पाखराला न्हाई. उषे, सापडला का?

उषा : सापडला. सेल काढून ठेवले होते, घालून राह्यले.

द्वारकाबाई : लवकर घाल. उशीर झाला असंल.

उषा : सुरुवात गेली असंल. जाऊ द्या. ओसरीवर नेते.

द्वारकाबाई : ने. कंदील जरा वर टांग, मलाबी उजेड लागंल. वावरातून आणलेली मेथी तिथंच पडली हाय, हिरवी हाय तवर बांधली पायजे. बद्री, सुतळी कुठं हाय?

बद्रीनाथ : आई, उद्या जाणार तू? उद्याच? लोक काय म्हणतील?

द्वारकाबाई : काय भाव, म्हणतील.

उषा : लागलं! आत्याबाई, लागलं.

द्वारकाबाई : हे व्हय. ह्यो आता एकटाच बोलून राह्यला का?

उषा : एकटाच. बाकीचे थांबलेत.

द्वारकाबाई : बोलू दे त्याला.

बद्रीनाथ : आता काका येतील सुपारी खायला. दारातूनच ऐकू येईल त्यांना. मी त्यांना काय सांगू?

द्वारकाबाई : सांग, दोघी कामात हायेत.