मिठीत कळू नये असं

नाही हो, तो मोठा रिव्हॉल्वर नको, खाली ठेवा — हातात बरा बसतो, कळतंय मला, सहा गोळ्या, दणका कमी, सगळं पटलं, पण लपवू कुठे? कोट घालून स्वयंपाक करू का? तो पाच गोळ्यांचा द्या, आखूड नळीचा. हां, हा. हलका आहे बाई! हलका म्हणून मनगटाला झटका जास्त? बसू दे, झटक्याला कोण भितंय.

पर्समध्ये? छे, पर्स तो रोज उघडतो — तो म्हणजे माझा नवरा, ड्वेन — च्युइंगगम शोधतो म्हणे. कमरेला तर नकोच. एक विचारू, अर्लभाऊ — पाटीवर हेच नाव आहे ना तुमचं? हसायचं नाही. मागून कुणी मिठी मारली, हात असे कमरेवरून फिरवले, तर हा हाताला लागेल का? नाही नाही, प्रेमानंच मारतो. चर्चमधल्या बायका म्हणतात, लोरीन, नशीब काढलंस गं, अजून किती जवळ घेतो तुला! घेतो ना. जवळ घेतो आणि कानात सांगतो, हरणांचा मोसम लागला की रानात कुणाची गोळी कुणाला लागली, कुणी विचारत नाही. शनिवारी मला सोबत नेणार आहे. मी जन्मात कधी शिकारीला गेले नाही हो! फार भीती वाटते मला.

बुटात बसेल? बसतोय की! मग हाच द्या, लवकर द्या. मुद्दाम एवढ्या लांब आले, इथे आम्हाला कुणी ओळखत नाही म्हणून —

काय? ड्वेनला ओळखता? काडतुसं इथूनच नेतो? मघाशी माझ्या लायसन्सवरचं आडनाव वाचून आत गेलात ते हा आणायलाच ना... फोन केलात? त्याला? हो, बायकांच्या बंदुकीचं माप नवरेच ठरवतात इकडे, सगळ्याच दुकानांत विचारतात — तुम्ही भल्यासाठीच केलंत, तुम्हाला काय बोलू. काय सांगितलंत पण? लहानातला लहान बघतेय, असं सांगितलंत?

आणि तो हसला.

अहो, मग आज तो बुटापर्यंत हात नेईल ना! आता लहान काय नि मोठा काय. ठेवा तो आत. नाही, दुसरा दाखवू नका. काही नको म्हटलं ना मी!