चिखलासकट तिसऱ्या

हॅलो?… हो, दादू नाखव्यांचाच नंबर. मी कमळी, त्यांची बायको… कोण? लॅबमधली नमिता? बोल बाय, बोल.

ते… तू आधी मला सांग. तिसऱ्यांचा, त्या खाडीतल्या शिंपल्यांचा, निकाल लागला का?… थांब, थांब. मनस्वी, टीव्ही बंद कर गं… हो, नातच. गेल्या वर्षी वैशाखात तिचं लग्न झालं, त्याच साली तुम्ही पहिल्यांदा आमच्या खाडीवर आलात… हो, हो, तेव्हाचा तोच धुतलेला नमुना.

अगं, हसू नको. आम्ही कुणाला तिसऱ्या दिल्या तर मिठाच्या पाण्यात ठेवून, चिखल ओकवूनच देतो. पाहुणीला चिखलाच्या कशा द्यायच्या? तुला तोच चिखल तपासायचा होता, हे आम्हाला काय ठाऊक?… तू कपाळाला हात लावलास, आणि हे घरी येऊन म्हणाले, "पोरीला साफ करून दिल्या तरी रागावते हाय."

मग मनस्वीला दिवस गेले. डोहाळे कसले, तर तिसऱ्यांचे. हे म्हणाले, पोटातल्या बाळाला पारा आणि शिसं भरवायचं नाही. मशीन हो म्हणेपर्यंत घरात तिसरी शिजणार नाही. यंदा आषाढात भर पावसात स्वतः गेले, चिखलासकट काढल्या, बर्फात घातल्या. डब्यावरची चिठ्ठी माझी. जागा, तारीख, ओहोटीची वेळ… वाचता आली? खरंच?… साठीनंतर शिकले गं लिहायला.

हं, सांग… वाळवून, ॲसिडात विरघळवून, मग मशीनवर… बरं. पारा?… शिसं?… आणि ते कॅडमियम?… तिन्ही मर्यादेच्या खाली? अगं, परत सांग ना, ही ऐकतेय.

हो, हो… त्या जागेपुरतंच. नाल्याच्या तोंडाशी नाही जाणार. चार महिन्यांनी पुन्हा नमुना देऊ, न धुता.

बघ, ही उठलीसुद्धा. सातवा महिना, आणि पातेलं शोधतेय. नवऱ्याला फोन लावतेय, मितेशला. ओहोटी चारला आहे… मनस्वी, हळू. या मात्र धुवायच्या बरं का.

काय?… रिपोर्ट त्यांच्या नावावर आहे? राहू दे, नाव तेच राहू दे. न्यायला मी येते बेलापूरला, सही येते मला… नाही बाय, त्यांना फोन देता येत नाही. तुझा निकाल आधी ऐकायचा होता, म्हणून बोलले नाही.

हे वारले. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.