आरशावानी पाणी

मानवतहून परभणीला निघालेल्या एसटीत सत्यशीलाच्या पुढच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर पाण्याची पिशवी होती आणि तिच्यात सासऱ्यांचा सोनेरी मासा आडवा तरंगत होता.

“अक्का, कल्ले हलायलेत का बघा. मला बघवंना.”

“हलायलेत. तू टाकीत घातलंस तरी काय?”

“पाणी गढूळ झालतं. रांजणात फिरवतो तशी तुरटी फिरवली, पाणी आरशावानी होईस्तोर.”

“अगं बया!”

“मामंजी आज दवाखान्यातून घरी येतेत. आल्या आल्या ह्येलाच हाक मारतील.”

“रडू नको. परभणीचा माशांचा दुकानदार दवा देईल. पिशवीत पाणी कुठलं भरलंस?”

“टाकीतलंच. त्येला सवयीचं म्हणून.”

“त्याच तुरटीचं? अवो, कुणापाशी पाणी हाय का?”

सत्यशीलाने घरच्या रांजणातून भरून आणलेली बाटली उघडून पुढे केली.

“बाई, ह्यात तुरटी न्हाई ना?”

सत्यशीलाने झाकण पुन्हा लावलं.