आधी मनगटावर थेंब

मला घाबरट म्हणता ना, मग ऐका. वाळूजला मी ज्या कारखान्यात सोल्डरिंग करते, तिथं आमच्या सरांनी घरच्या लाईटीचे व्होल्ट मोजणारं सर्किटचं कार्ड बनवलं. दोनशे तीस व्होल्ट रेझिस्टन्स लावून तीनच्या आत आणायचे, तरच चिप सोसते. चिप एकच होती अन् गिऱ्हाईक दुपारी बघायला यायचं होतं.

सर चिप बसवायला लागले, तसं मी म्हणलं, “थांबा सर, आधी मीटर लावू.”

“ताई, हिशोब केलाय मी.”

“दूध मीच कोमट करते, तरी लेकराला द्यायच्या आधी मनगटावर थेंब टाकतेच की.”

सर हसले. मीटरनं तेरा व्होल्ट दाखवले, तशी त्यांनी चिप परत डबीत ठेवली. एक रेझिस्टन्स चुकीचा लागला होता.

आता नवं कार्ड झालं की सर सगळ्यांदेखत माझ्यापुढं ठेवतात. “ताई, मनगटावर बघून द्या.”