तिला अलिफ-बेही येत नाही

नाही हो, कुलूप कसलं, नुसती कडी आहे — आणि कडी तरी काय, वाऱ्याने दार आपटतं म्हणून. तुम्ही आधी बसा बघू, विहीणबाई. त्या खुर्चीवर नको, तिथे सुया असतात माझ्या, इकडे पलंगावर बसा. पिशवी ठेवा खाली, कुणी पळवत नाही तुमची पिशवी. आणि पाळण्यात डोकावू नका, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. नातू आहे, कळतं मला, पण नातू तर माझाही आहे ना? आवाज? तो आतल्या स्पीकरचा. स्पीकर तुमच्या मुलीच्या उशाशी आणि फोन इथे माझ्याजवळ, म्हणजे शिवणाच्या मशीनवरून उठायला नको — बसल्या जागी कमी करता येतो, जास्त करता येतो. कुराणाचं पठण लावलंय. सकाळी लावते ते तिला झोप लागेपर्यंत. झोप लागली तरी चालूच असतं म्हणा. तुम्हाला तर बरंच वाटायला हवं, तुम्ही स्वतः मुलींना कुराण शिकवता — अल्लाचाच कलाम घुमतोय घरात, गाणी तर नाही लावली मी.

मोठा आहे आवाज, हो. मुद्दामच मोठा आहे. जे हिच्या अंगात शिरलंय ना, त्याला हळू ऐकू येत नाही.

आता हे सुरू कसं झालं, ते तुम्हाला तुमच्या मुलीने काय सांगितलंय कोण जाणे — पण सांगणार कशी, बोलतेच कुठे ती? तेच तर रडगाणं आहे. बाळंतपण झालं, घरी आणली, सुरुवातीला बरी होती. रडायची मधूनच, कारण काही नाही. दचकायची. पण दचकायची तर ती लग्न होऊन आली तेव्हापासूनच — कॉलेजात शिकलेली मुलगी आणि कुकरच्या शिट्टीला घाबरते, आम्ही पोट धरून हसायचो. तुमचा जावई तर मुद्दाम मागून जाऊन ताट आपटायचा. गंमत हो! सासरी थोडी चेष्टा व्हायचीच. मग एके दिवशी बाळाला आंघोळ घालताना तिच्या हातून बाळ निसटलं. पडलं नाही, मी होते ना मागे, मी झेललं. तिच्या मागेच उभी होते मी — पाणी किती गरम घेतलंय म्हणून ओरडले, तर ही अशी काही दचकली की बाळ हातातून सुटलं. आता तुम्हीच सांगा, दचकली म्हणून पोटचं पोर सोडते का कुणी आई? मी त्याच दिवशी पाळणा माझ्या खोलीत आणला. आणि त्याच दिवसापासून हिने जीभ गिळली. नवऱ्याशी नाही, माझ्याशी नाही, तोंडातून ब्र नाही. नुसती भिंतीला टेकून बसायची, या पाळण्याकडे बघत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. असं बघणं माणसाचं नसतं.

डॉक्टर? डॉक्टर कशाला? डॉक्टर काय, दोन गोळ्या देणार आणि मोकळा होणार. आणि गावभर होणार — यांची सून वेडी. अंगात काही असलं तर त्यात घराची बदनामी नाही, ते कुणालाही होऊ शकतं, भल्याभल्यांना होतं. मी आधी मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलानांना बोलावलं होतं. ते दाराच्या बाहेरच बसले, खाली मान घालून, आणि इतक्या हलक्या आवाजात फातिहा पढले की मला वाटलं स्वतःशीच पुटपुटतायत. पेल्यातल्या पाण्यावर फुंकर घातली, मला म्हणाले, दे तिला. दिलं. प्यायली. डोळ्यांतून घळघळा पाणी — मी म्हटलं, बघा, निघतंय! तर म्हातारा काय म्हणतो? म्हणे, बाई, काही निघत नाहीये, मुलगी रडतेय. कुराणात शिफा आहे, गुण येतो त्याने, पण डॉक्टरही अल्लानेच धाडलेत, तिला दाखव. आणि जाता जाता वर — बाळ तिच्या मांडीवर दे. बाळ तिच्या मांडीवर दे! म्हाताऱ्याला काय जातंय सांगायला. साठी बुद्धी नाठी झालीये त्यांची, नमाजात किती रकाती झाल्या ते विसरतात म्हणे.

मग या अत्तरवाल्या हाफिजसाहेबांना आणलं. कापडबाजारात अत्तराचं दुकान आहे, आणि असल्या कामात त्यांचं नाव आहे. तरुण माणूस, आवाज असा दमदार की भांडी थरथरावीत. हिला चादर पांघरून बसवली, मी पाठीशी, आणि ते लांबलचक सूरा पढायला लागले. पढतायत, पढतायत, ही ढिम्म. हातसुद्धा हलत नाही. मी म्हटलं, काहीच नाही झालं तर? म्हणजे — बरी झाली असती तर चांगलंच, तसं नाही म्हणत मी. आणि मग, विहीणबाई, चादरीच्या आतून आवाज आला. अंगावर काटा आला माझ्या, आत्ताही येतोय, हे बघा. स्वच्छ, थंड, सलग आवाज, जसा काही आतापर्यंत बोलतच होता कुणी. हाफिजसाहेब तोंड उघडं ठेवून थांबले. पुन्हा थोडं मागे जाऊन पढले — आणि या वेळी आतल्या आवाजाने सांगितलं होतं तसंच पढले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांचं चुकलं होतं. सारख्यासारख्या आयती असतात ना, एकीवरून दुसऱ्याच सूरेत पाय घसरला त्यांचा, आणि हिने चादरीतून सावरलं. नमाजात इमाम अडखळला की मागचे सांगतात, तसं.

लाल झाले बिचारे. मला विचारलं, ही हाफिज आहे का? हिला कुराण पाठ आहे?

मी म्हटलं, छे. हिला अलिफ-बेही येत नाही.

असं काय बघताय? तोंडातून निघून गेलं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं — माशाल्ला म्हणाले असते, चपला घातल्या असत्या आणि गेले असते. मग पुन्हा आपलं तेच, भिंत आणि पाळणा. आणि मी म्हणते, पाठ असलं म्हणून काय झालं? बाळ रडून निळं पडलं तरी जिचं तोंड उघडत नाही, ती नेमकी एवढंच बोलते? हे माणसाचं लक्षण आहे? हाफिजसाहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, अनपढ बाई अशी पढते म्हणजे आत मुसलमान जिन्न आहे, शिकलेला, मोठा चिवट. तान्हं मूल जवळ ठेवू नका. हे मी नाही म्हटलं, त्यांनी म्हटलं. मी फक्त विचारलं होतं — मूल ठेवलं तर चालेल का?

आणि तुम्हीच सांगत होतात की, लग्नाच्या बोलणीत, विसरलात? तुम्ही स्वयंपाकघरात पीठ मळता मळता एखादी आयत अर्ध्यावर सोडायच्या आणि ही आतल्या खोलीतून पुरी करायची. लहान होती तेव्हापासूनचा खेळ. काय कौतुक चाललं होतं! मी तेव्हाच यांच्या कानात म्हटलं होतं, एवढी हुशार सून पचायची नाही आपल्याला.

हे? मशीनवरचा हा ब्लाउज शेजारणीच्या मुलीचा आहे. तिचं लग्न ठरतंय. छान आहे ना रंग? कंबर बघा किती बारीक, तुमच्या मुलीला तर लग्नातही हा झाला नसता. मुलगी गरीब आहे हो, शिकलेली नाही फारशी, खाली मान घालून बोलते. माझ्या मुलाने फोटो बघितला, म्हणाला, अम्मी, तुला पसंत तर मला — शेजारणीच्या मुलीचा म्हणतेय मी. फोटो बघायला काय बंदी आहे? तरुण माणूस आहे तो. घरात बोलायला नको कुणी त्याच्याशी?

दुधाचं विचारू नका. ते आटलं. पहिल्यांदा त्रास झाला — हा इकडे रडला की तिकडे तिचा कुडता भिजायचा, दाराआडून सुद्धा, आवाजानेच. किळस येते बाई. मग मी ओढणी घट्ट बांधली छातीला. कण्हायची. पण कण्हली, बोलली नाही! एक शब्द बोलली असती तर सोडलं नसतं का मी? मी काय राक्षसीण आहे? रोज सकाळी हाफिजसाहेबांनी पढून दिलेल्या पाण्याने आंघोळ घालते माझ्या या हातांनी. थंड पाण्याने, हो — तापवलं तर त्यातला असर जातो. आणि तिचं कुराण मी कपाटावर ठेवलंय, वर, पाक-पवित्र जागी, रेशमी रुमालात. मागते ते. हाताने खूण करून मागते. मी देत नाही. आतल्याला आणखी शिकवायचंय का?

तर मुद्द्याचं बोलू. मुलीला न्यायला आलात, न्या. आनंदाने न्या. तिचे कपडे बांधूनच ठेवलेत. पण हा पाळण्यातून हलणार नाही. दुपारच्या नमाजानंतर जमातीची माणसं येतायत, तुम्हीच बोलावलीत ना? त्यांच्यापुढे ठरू दे. तुम्ही म्हणणार, मुलगी आजारी आहे, दुःखी आहे, बाळ दिलं की बोलायला लागेल. आणि तो म्हातारा मौलाना तुमच्या बाजूने मान हलवणार. बरं, पटवा त्यांना. आत्ताच बघा की बोलते का. हे घ्या, बंद केलं. किती शांत वाटतं ना एकदम? कान किटले माझेही. जा, दारापाशी जा. कडी काढायची नाही, बाहेरूनच मारा हाक. मारा. तिची सख्खी आई आलीये, बघू काय म्हणते. मारा अजून — लाडाच्या नावाने मारून बघा. काही नाही. ऐकलंत? काहीही नाही. आता रडू नका, त्याने काय होतंय, मी म्हटलंच होतं तुम्हाला —

हे काय? पढायला काय लागलात मध्येच? पुढे? पुढे काय? थांबलात का अशा? अर्ध्यावर —

या अल्ला.

... 

बाळसुद्धा हललं बघा. डोळे उघडले त्याने. रडत नाहीये. दाराकडे मान वळवतोय — अरे, इकडे बघ, दादीकडे बघ, राजा. इकडे.

पुरे. पुरे झालं विहीणबाई, आता हसू नका, कपाळ टेकू नका त्या दाराला. कळलं का काय केलंत ते? मी काय शोधत होते सांगू? साक्षीदार. हाफिजसाहेब माझ्या बाजूने बोलणार म्हणून कुणी त्यांचं ऐकलं नसतं. पण तुम्ही! तुम्ही हाका मारल्यात, नावाने, लाडाच्या नावाने, रडलात — ही बोलली नाही. आईला ओळख दिली नाही. आणि आयत म्हटली तशी आतून आला आवाज. आईला आई न म्हणणारा. जमातीपुढे मी फक्त एवढंच विचारणार, तुम्ही हाक मारलीत तेव्हा तुमची मुलगी बोलली का? आणि मग कोण बोललं? तुम्ही खोटं बोलणार नाही. मुलींना कुराण शिकवता तुम्ही.

बघा, अजून पढतेय. थांबायचं नाव नाही. आवाज वाढवते मी जरा — पूर्णच वाढवते.

रडू दे त्याला. त्याला सवय होईल. हात लावू नका म्हटलं ना, नका लावू! चहा निवला तुमचा. राहू दे मग, सांडून देईन मी. नमाजानंतर या. आणि जाताना ते बाहेरचं दार घट्ट ओढून घ्या, लोकांना उगाच आवाज जातो.