सुतारशेडची वीज

होक्काइदोतल्या वीज कार्यालयात रांगेत मियोकोच्या पुढे एक म्हातारे सुतार उभे होते. खिडकीतली बाई त्यांना विचारत होती.

“आजोबा, शेडमध्ये यंत्रं कोणती?”

“करवत आणि रंधा.”

“एका वेळी एकच चालेल ना?”

“दोन्ही. मी आणि मुलगा.”

“मग जाड केबल लागेल. मुलगा घरीच असतो?”

“टोकियोत असतो. नववर्षाला येतो म्हणालाय.”

“मागच्या नववर्षाला आला होता?”

“बर्फ फार होता गं.”

“त्याच्या आधी?”

“पोरी, विजेचं विचार.”

“एकट्यापुरती आहे तीच तार पुरेल, आजोबा.”

“आणि तो आल्यावर फ्यूज उडाला तर? म्हणेल, बाबांनी मला हिशेबात धरलंच नव्हतं. जाड केबलच टाक.”