चौसष्टच्या टिकल्या आणि व्हर्नाचा मूस

नाही, मला एक सांगा, सकाळी कॉफी कपात ओतली तेव्हा चौसष्ट डॉलर, साखर घालेपर्यंत एकोणसत्तर, आणि ढवळून पहिला घोट घेतोय तोवर खाली लाल अक्षरांत, ‘हा माल आत्ता आणखी चौदा जण बघत आहेत!’ कोण चौदा जण? अहो, आमच्या अख्ख्या विलो फोर्क गावात त्या वेळी चौदा माणसं जागी नसतात! ही किंमत म्हणायची की तापलेल्या पोराच्या काखेतला थर्मामीटर? मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, जरा थांबू या.

तिथंच चुकलं.

तुम्हाला सांगतो, मला स्वतःला काही नको होतं. सगळं व्हर्नासाठी. व्हर्ना म्हणजे माझी बायको. तिला मूसच्या शिकारीचा परवाना लागला! आता मूस म्हणजे काही गल्लीतलं हरीण नव्हे. घोड्याहून उंच, डोक्यावर दोन फावडी आडवी बांधावीत तशी शिंगं, आणि चेहरा असा की जसं काही आपण त्याची झोपमोड केलीय. त्याचा परवाना सोडतीत निघतो. आमच्या मोंटानात माणसं लग्न झाल्यापासून अर्ज भरतात आणि नातवंडांची लग्नं झाली तरी भरतच असतात. व्हर्नाचे वडील, आयव्हर, जन्मभर अर्ज भरत राहिले. नाही लागला. गेले बिचारे. आणि या जूनमध्ये व्हर्नाचं नाव निघालं! बाई स्वयंपाकघरात मटकन बसली. रडली म्हणा ना. आणि डोळे पुसून म्हणाली, “लोवेल, मी बाबांच्याच बंदुकीनं जाणार.”

झालं! कारण आयव्हरची बंदूक म्हणजे अशी म्हातारी, की त्या मापाची तयार काडतुसं आता कोणी बनवत नाही. घरीच भरावी लागतात. पितळी पुंगळ्या होत्या, गोळ्या होत्या, सासऱ्यांनी सगळं नीट डब्यांत ठेवलेलं. नव्हत्या त्या दोनच गोष्टी. एक, पुंगळीच्या बुडाशी बसवायच्या त्या टिकल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, आणि दुसरी आत भरायची दारू. दोन्ही मिळून चौसष्टचा माल, तेवढंच! भाजी आणण्यासारखं काम!

शेजारी डेल्बर्ट आहे आमचा. त्याच्याकडे हे सगळं भिंतभर लावलेलं असतं. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणतो, “लोवेल, दिसेल त्या किमतीला घे आणि मोकळा हो.” कसं बोलतो बघा, सावकाश, नाकातून, प्रत्येक शब्द चघळून, “दिसेल... त्या... किमतीला...” मी म्हटलं, डेल्बर्ट, तू बावळट आहेस म्हणून मी पण व्हायचं का? सप्टेंबरच्या हंगामापर्यंत वेळ आहे. जरा थांबू या!

मग मी अभ्यासाला लागलो. काय काय निघालं सांगू? मंगळवारी स्वस्त असतं. पगाराच्या दिवशी महाग. पाऊस आला की लोक घरात बसतात, म्हणून महाग. आणि वर ‘धोकादायक माल’ म्हणून वेगळं शुल्क! एक डबा मागवा नाहीतर दहा, शुल्क तेवढंच. म्हणजे एका डब्याची दारू मागवणाऱ्यानं दहा डब्यांच्या भीतीचे पैसे भरायचे! अधूनमधून त्यांचा ‘शुल्क माफ’चा दिवस येतो. तो आला की त्याच दिवशी किंमत वर. मी माझ्या फोनवर बघितलं, बहात्तर. म्हटलं व्हर्ना, तुझ्या फोनवर बघ. सहासष्ट! त्याच सोफ्यावर! तोच माल! “म्हणजे हे मला ओळखतात,” मी म्हटलं. व्हर्ना म्हणाली, “तुला ओळखत असते तर आणखी वाढवली असती. माझ्या फोनवरून घेऊ का?” मी ओरडलो, “हात लावू नकोस! त्यांना कळेल आपण एकत्र आहोत!”

हसताय काय? तुम्ही चिकट म्हणाल, पण हे चिकटपणाचं नव्हतं हो. इरेला पेटलो होतो. तिकडे कुठंतरी एक यंत्र बसलंय आणि त्याला वाटतंय लोवेल हॅगस्ट्रॉम घाबरेल. मी? तीस वर्षं या घाटातून शाळेची बस चालवली, बर्फात!

मग कोणीतरी सांगितलं की माल टोपलीत टाकायचा, पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं आणि खुशाल निघून यायचं. ते मागे लागतात. टाकला. निघून आलो. अंगणात उगाच शिट्टी वाजवत फिरलो. आणि आला की हो संदेश! ‘लोवेल, काही विसरलात का? तुमच्यासाठी खास दहा टक्के सूट!’ मी व्हर्नाला मिठी मारली. उघडून बघतो तर किंमत एकोणनव्वद. एकोणनव्वदवर दहा टक्के! म्हणजे सूट धरून मूळ किमतीपेक्षा महाग! हे म्हणजे आमचाच कोट चोरायचा आणि वर आम्हालाच भाड्यानं द्यायचा! व्हर्ना म्हणाली, “घे ना रे बाबा.” मी म्हटलं, आता तर मुळीच नाही. जरा थांबू या.

दुसऱ्या दिवशी माल संपला.

संपला म्हणजे सगळीकडे संपला! ज्या पानावर जावं तिथं राखाडी रंगाचं बटण, ‘आला की कळवा’. सगळी ‘कळवा’ दाबून ठेवली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. व्हर्ना रोज संध्याकाळी परसात रिकामी बंदूक खांद्याला लावून सराव करायची, आणि मला बघितलं की पाठ फिरवायची.

आणि कळवलं कधी त्यांनी? सांगा ना, कधी? मी दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत! खालची दाढ, इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड मेलेलं, आणि खिशात फोन थरथरला. बघतो तर ‘माल आला! चौसष्ट!’ चौसष्ट, अहो! मी ताडकन उठलो. बाई ओरडल्या, “हॅगस्ट्रॉम, सुई आहे माझ्या हातात!” मी एका हातानं ‘थांबा’ केलं, दुसऱ्या हातानं टोपली भरली, कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं... आणि बँकेचा फोन. संशयास्पद खरेदी, म्हणे.

पलीकडे मुलगी, आवाज मधाळ. “आपलं पूर्ण नाव सांगाल का?”

मी म्हटलं, “लोफेल हाफ्थ्रॉम.”

“काय म्हणालात?”

“लोफेल! हाफ्थ्रॉम!”

“बरं, कसली खरेदी करत होतात आपण?”

मी म्हटलं, “धारू.”

“हो,” म्हणते, “ते ऐकू येतंयच.”

“थथी नाही हो! फ्यायची नाही! फंधुकीची!”

मग एकदम हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं, “हे बघा, तुम्ही आधी शांत बसा. तुमच्याजवळ दुसरं कोणी आहे का?” मी फोन डॉक्टरीणबाईंकडे दिला. त्या बिचाऱ्या खरं बोलायला गेल्या, “हो, मी आहे, ते आत्ताच खुर्चीतून पळायला बघत होते, अर्धं तोंड लुळं पडलंय, आणि मी त्यांना काहीच करू शकत नाहीये...” कार्ड बंद! जागच्या जागी!

दुपारी तोंड परत आलं तेव्हा मी बँकेत जाऊन, स्पष्ट उच्चार करून, दोन्ही ओठ वेगवेगळे हलवून दाखवून कार्ड सुरू करून घेतलं आणि माल मागवला. चौऱ्याहत्तरला. तुम्हाला सांगतो, घेताना बरं वाटलं. पराभव झाला तर झाला, पण निकाल तर लागला!

कसला निकाल! धोकादायक माल ना तो. दारात ठेवून जात नाहीत. मोठ्या माणसानं समोर उभं राहून सही द्यायची. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आम्ही चर्चमध्ये. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी, तुम्हाला सांगायला लाज वाटते, घरातच होतो, पण न्हाणीघरात. पळत आलो टॉवेल सावरत, तर दारावर चिठ्ठी आणि लांब वळणावर धूळ. ‘शेवटचा प्रयत्न उद्या, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतर माल परत जाईल.’ आणि परत गेला की धोक्याचं शुल्क बुडालं!

आणि त्याच संध्याकाळी डेल्बर्ट कुंपणावर आला. धावत आला. डेल्बर्टला मी धावताना कधी बघितलं नव्हतं. “व्हर्ना! बीव्हरच्या तळ्यापाशी... विलोच्या झाडीत... नर! केवढा!” दोन्ही हात पसरले आणि ते अपुरे पडले म्हणून कुंपणाकडे बोट केलं. “पहाटे तिथंच येणार बघ तो. चल.”

व्हर्ना म्हणाली, “माझ्याकडे एकही काडतूस नाही, डेल्बर्ट.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. डेल्बर्टनं टोपी काढली, खिशातून पुडी काढली. टिकल्या. आणि जाकिटाच्या आतून दारूचा डबा. “जूनमध्ये तुमच्यापुरतं जास्त घेऊन ठेवलं होतं,” म्हणतो. “लोवेलला सांगणार होतो, पण तो त्या यंत्राशी भांडण्यात खुशीत होता.”

व्हर्ना गॅरेजमध्ये वडिलांच्या टेबलावर बसली आणि एकेक काडतूस भरलं. टिकली दाबली, दारू तोलली, ओतली, गोळी बसवली. मी तराजूवर दिवा धरला. हात एकदाही हलला नाही तिचा. मग हात पुसून तिनं विचारलं, “लोवेल, तू येतोस ना?”

आता इथं कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? हो म्हणेल ना? मी म्हटलं, “अगं, पण पार्सल...”

म्हणालो खरा! तोंडातून गेलं! ते तर या वेळी लुळंही नव्हतं! व्हर्नानं बंदूक उचलली. “बरं,” म्हणाली. “सही नीट कर.”

पहाटे डेल्बर्टच्या गाडीचे लाल दिवे वळणावर गेले आणि मी खिडकीत खुर्ची टाकून बसलो. आठपासून. जेवलो नाही, की चावण्याच्या आवाजात घंटा ऐकू येणार नाही. न्हाणीघराकडे बघितलंही नाही. डोंगराकडून एक आवाज आला, लांबचा, एकच. मी उभा राहिलो. परत बसलो.

गाडी संध्याकाळी आली. सही दिली. खोकं केवढंसं! बुटाच्या खोक्याएवढं. ते मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो आणि तेवढ्यात डेल्बर्टची गाडी आली, मागची बाजू जमिनीला टेकलेली आणि वर ती दोन फावडी.

व्हर्ना उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काड्या. माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं मला. तो पाण्यात उभा होता म्हणे, तोंडातून पाणवेल लोंबत होती, आणि मान न वळवता नुसता चघळत होता. “बाबा कसे जेवताना कोणाकडे बघायचे नाहीत, तसा,” म्हणाली. तिला वाटलं जमणारच नाही. मग जमलं. मग ती आणि डेल्बर्ट दोघं बर्फासारख्या पाण्यात उभं राहून रडले. डेल्बर्ट! रडला! मी तिच्या बुटांचे बंद सोडत होतो, ते ओले होऊन इतके आवळले होते की सुटेनात. ती म्हणाली, “तू हवा होतास रे.” रागानं नाही म्हणाली. मी दुसऱ्या बुटाचा बंद सोडायला घेतला.

आता फोटो दिवाणखान्यात लावलाय. मध्ये मूस, एका बाजूला व्हर्ना, दुसऱ्या बाजूला डेल्बर्ट, दात काढून. परवा चर्चच्या नवीन पाद्रीबाई आल्या होत्या. फोटो बघून म्हणतात, “वा! शेजारी हे मिस्टर वाटतं?” मी ट्रे घेऊन मागे उभा. व्हर्ना म्हणाली, “नाही. मिस्टर घरी पार्सलची वाट बघत होते.”

फ्रेम मात्र मी आणली हं! दुकानातून! आत गेलो, हीच द्या म्हटलं, तो म्हणाला अठ्ठेचाळीस, मी एक शब्द न बोलता अठ्ठेचाळीस मोजले. दारापर्यंत पोचलो तर मागून हाक मारतो, “काका, सोमवारपासून अर्ध्या किमतीत आहेत हं, थांबायचं तर थांबा!”

मागे वळून बघितलंसुद्धा नाही मी.